बिल्टीवरचा रिकामा रकाना

लासलगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या एखाद्या खळ्यावर संध्याकाळी गाडी भरून होते. हमाल शेवटच्या गोण्या रचतात, ताडपत्री ओढली जाते, दोर आवळले जातात. रात्रीतच धुळ्याच्या पुढे निघायचे म्हणून ड्रायव्हर घाईला आलेला असतो. ट्रान्सपोर्टचा माणूस गाडीच्या बॉनेटवर पावतीपुस्तक ठेवतो, कार्बन सारतो आणि लिहितो, ‘कांदा, एक गाडी’. खाली गाडीचा नंबर, भाडे, दिलेला ॲडव्हान्स आणि सही. बाकीचे रकाने तसेच कोरे राहतात. भरायला चार तास लागलेल्या तीन-साडेतीन लाखांच्या मालाचा कागद दोन मिनिटांत तयार होतो आणि गाडी दीड-दोन हजार किलोमीटरच्या प्रवासाला सुटते.

या कागदाला आपल्याकडे कोणी बिल्टी म्हणते, कोणी एलआर, कोणी जीआर, तर कोणी नुसतीच ट्रान्सपोर्टची पावती. कायद्याच्या भाषेत ती ‘गुड्स रिसीट’ आणि जीएसटीच्या भाषेत ‘कन्साइनमेंट नोट’. नाव कोणतेही असो, रस्त्यात कोणी अडवले तर दाखवायचा कागद एवढीच तिची ओळख आपल्या डोक्यात असते. माल सुखरूप पोचतो तोवर त्याने काही बिघडतही नाही. गाडी उलटली, गोण्या कमी भरल्या, यंत्राचा भाग फुटला किंवा समोरच्याने माल घ्यायला नकार दिला, की मगच सगळे जण बिल्टी शोधू लागतात. त्या वेळी कोऱ्या रकान्यांचा फटका बहुतेकदा माल पाठवणाऱ्यालाच बसतो. नाशिक जिल्ह्यातून माल पाठवणारे शेतकरी, व्यापारी, उत्पादक कंपन्या, अंबड-सातपूर-सिन्नरचे लघुउद्योजक, येवल्याचे पैठणीवाले आणि मालेगावचे कापडवाले अशा सगळ्यांसाठी हा लेख आहे. पावतीपुस्तक ट्रान्सपोर्टरचे असले तरी त्यात काय लिहायचे हे ठरवण्याचा मोठा अधिकार तुमचा आहे.

अंबडच्या एका कारखान्याच्या डिस्पॅच विभागात मी काही वर्षे काढली. तिथे एकदा आम्ही एक कंट्रोल पॅनल कोल्हापूरला पाठवले. त्याची किंमत १,४०,००० रुपये होती आणि भाडे १,८०० रुपये. बिल्टीवर किमतीचा रकाना मी कोराच सोडला. सगळेच सोडत होते. वाटेत माल दुसऱ्या गाडीत भरताना पेटी खाली पडली. कोल्हापूरच्या स्टोअरमधल्या माणसाने पेटीचा कोपरा दबलेला पाहिला, तरीही पोच पावतीवर सही करून ‘माल ठीक मिळाला’ असे लिहून दिले. पॅनल उघडले तेव्हा आतले निम्मे निकामी झालेले. मालकांनी मला ट्रान्सपोर्ट कचेरीत पाठवले आणि तिथे पहिल्यांदा मला बिल्टीची मागची बाजू वाचायला मिळाली. अठरा हजारांच्या वर एक रुपयाही मागता येणार नव्हता, आणि पोच पावतीवर ‘माल ठीक मिळाला’ असे लिहिलेले असल्याने तेही हाती येईल याची खात्री नव्हती. ती बाजू आधी वाचली असती तर बरे झाले असते, असे आजही वाटते.

अठरा हजार हा आकडा कुठून आला ते नीट समजून घ्या, कारण सगळ्या बिल्टीचा जीव तिथे आहे.

रस्त्याने मालवाहतूक करणाऱ्यांसाठी आपल्याकडे १८६५ चा कॅरिअर्स ॲक्ट होता. त्याच्या जागी २००७ चा कॅरेज बाय रोड ॲक्ट आला आणि १ मार्च २०११ पासून तो लागू झाला. त्याचे नियमही २०११ चेच आहेत. या नियमांप्रमाणे माल हरवला किंवा खराब झाला, तर ट्रान्सपोर्टरची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच असते. शिवाय ती रक्कम तुम्ही लिहून दिलेल्या किमतीच्या वर जात नाही. या दोन आकड्यांपैकी जो लहान तेवढीच तुमची भरपाई. जास्त भरपाई हवी असेल तर मालाची किंमत जाहीर करून जादा जोखमीचा दर भरण्याचे आधीच लेखी कबूल करावे लागते. कायद्याने तशी सोय ठेवली आहे, पण बुकिंगच्या खिडकीवर तिची आठवण कोणी करून देत नाही. ती आपणच विचारायची.

जिल्ह्यातल्या तीन मालांवर हे घासून पाहू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत.

पहिला कांदा. समजा ५० किलोच्या ५०० गोण्या, म्हणजे २५ टन माल कोलकात्याला निघाला. किलोला १५ रुपये धरले तर किंमत ३,७५,००० होते. भाडे १,२०,००० असेल तर त्याची दहापट १२ लाख. इथे दहापटीची मर्यादा आड येत नाही, लिहिलेली किंमतच मर्यादा ठरते. म्हणून कांदा, टोमॅटो, द्राक्षे असा जड आणि लांब जाणारा माल पाठवणाऱ्याने किंमत कमी लिहू नये. ‘दोन लाख टाका, कोण बघतंय’ असे म्हणून लिहिलेले दोन लाख पुढे तुमच्याच गळ्यात पडतात.

दुसरा सुटा यंत्रभाग. अंबडहून पुण्याला जाणाऱ्या ८०,००० रुपयांच्या भागाचे पार्सल भाडे ६०० रुपये. दहापट ६,०००. किंमत खरी लिहिली तरी जादा दर न भरता मिळणारी कमाल भरपाई तेवढीच.

तिसरी पैठणी. येवल्याहून नागपूरला निघालेले चार-पाच किलोचे गाठोडे, आत दीड लाखाच्या पैठण्या, भाडे २५० रुपये. मर्यादा २,५०० रुपये. या रकमेत एका पदराची किंमतही भागत नाही.

माल जितका हलका आणि मोलाचा, तितका नेहमीच्या बिल्टीवर तो उघडा. अशा मालाला दोनच वाटा आहेत. एक, जादा जोखमीचा दर भरून तो बिल्टीवर आकड्यात लिहून घेणे. दुसरी, मालाचा स्वतःचा वाहतूक विमा काढणे. वर्षभर नियमित माल पाठवणाऱ्याला खुली विमा पॉलिसी सोयीची पडते आणि एकेका पार्सलमागे बसणारा हप्ता भरपाईच्या तुलनेत फारच थोडा असतो. विमा घेतला म्हणून बिल्टीकडे दुर्लक्ष करून चालत नाही. दावा करताना विमा कंपनी बिल्टी मागतेच, आणि ट्रान्सपोर्टरला वेळेत लेखी कळवले होते का हेही विचारते. ट्रान्सपोर्टरकडून वसुलीचा हक्क तुमच्या ढिलाईने बुडाला तर विम्याचा दावाही अडकतो.

‘ओनर्स रिस्क’ हे दोन शब्द बहुतेक बिल्ट्यांवर आधीच छापलेले असतात. ते बघूनच पुष्कळ जण गप्प बसतात, आता काहीच मिळणार नाही असे समजून. तसे नाही. छापील शिक्क्याने ट्रान्सपोर्टरची कायद्यातली जबाबदारी धुऊन जात नाही. नैसर्गिक आपत्ती, युद्ध, दंगल, सरकारी जप्ती किंवा बंदी अशी काही कारणे सोडली, तर माल ताब्यात असताना झालेल्या नुकसानीला तो उत्तरदायी असतो. त्या कारणांतही पुरेशी काळजी घेऊन नुकसान टळले असते तर सुटका नाही. दावा लावताना ट्रान्सपोर्टरचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याचे ओझेही तुमच्यावर नसते. माल चांगल्या स्थितीत दिला आणि तो तसा मिळाला नाही एवढे दाखवायचे, आणि ते दाखवणारा पहिला कागद बिल्टीच. तिच्यावर लिहिलेले वजन, माप आणि नग हा कायद्याने प्रथमदर्शनी पुरावा धरला जातो. म्हणूनच ‘एक गाडी’ हा शब्दप्रयोग घातक आहे. एक गाडी म्हणजे ५०० गोण्या की ४८०, हे त्यावरून कोणालाच सांगता येणार नाही.

कायद्यात खरे तर दोन कागद आहेत. पहिला तुम्ही द्यायचा, गुड्स फॉरवर्डिंग नोट. काय माल आहे, किती आहे, किंमत काय, धोकादायक आहे का, कोणाला पोचवायचा, हे माल पाठवणाऱ्याने लिहून द्यायचे आणि त्याच्या खरेपणाची जबाबदारीही त्याचीच. दुसरा ट्रान्सपोर्टरने द्यायचा, गुड्स रिसीट, म्हणजे आपली बिल्टी. ती तीन प्रतींत काढायची आणि मूळ प्रत पाठवणाऱ्याच्या हाती द्यायची. प्रत्यक्षात पहिला कागद बहुतेक ठिकाणी गायब असतो आणि सगळे तोंडी सांगून थेट बिल्टी फाडली जाते. माझा आग्रह आहे की हा पहिला कागद तुम्ही सुरू करा. साध्या लेटरहेडवर, दोन प्रतींत. ट्रान्सपोर्टच्या माणसाची एका प्रतीवर सही आणि शिक्का घ्या. बिल्टी लिहिणाऱ्याच्या हातात हा कागद असला की त्याचे काम सोपे होते आणि ‘तुम्ही सांगितलंच नव्हतं’ हे वाक्य बंद होते.

आता रकाने. सगळे सारखे महत्त्वाचे नाहीत. पाठवणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे नाव-पत्ता-जीएसटी क्रमांक बिलाशी जुळले पाहिजेत. बिल एकाच्या नावावर आणि माल दुसऱ्याच्या गोदामात उतरायचा असेल तर दोन्ही पत्ते स्पष्ट लिहा. मोबाइल नंबर दोघांचेही हवेत. घेणाऱ्याने गाडी नाकारली तर ड्रायव्हर पहिला फोन कोणाला करणार, हा प्रश्न रात्री दोन वाजता येतो.

मालाचे वर्णन करताना प्रकार, बांधणी, नग आणि वजन अशा चारही गोष्टी लिहा. ‘उन्हाळ कांदा, लाल जाळीच्या गोण्या, ५०० नग, प्रत्येकी ५० किलो.’ टोमॅटोला क्रेटची संख्या, द्राक्षांना पेट्यांची. वजनाचा आकडा काट्याच्या पावतीवरून घ्या आणि त्या पावतीचा नंबर बिल्टीवर टाका. पार्सलच्या बिल्टीवर वजनाचे दोन रकाने असतात, प्रत्यक्ष वजन आणि भाडे आकारलेले वजन. पोकळ आणि फुगीर मालाला जागेप्रमाणे जास्त वजन धरून भाडे लावतात, ते ठीक आहे. पण तुटीचा वाद झाला तर प्रत्यक्ष वजनच लागते, म्हणून तो रकाना कोरा ठेवू देऊ नका. ट्रान्सपोर्टरने ‘पाठवणाऱ्याच्या सांगण्याप्रमाणे’ असा शेरा मारला तर त्याने नग मोजले नाहीत असा त्याचा अर्थ. गाडीवर त्याचा माणूस उभा राहून मोजत असेल तर तो शेरा खोडायला सांगा.

कांद्याच्या बाबतीत एक जास्तीची ओळ लिहून घ्यावी. चार-पाच दिवसांच्या प्रवासात कांदा वाळतो आणि वजन घटते. किती घट दोन्ही बाजूंना मान्य आहे ती टक्केवारी आधी ठरवून बिल्टीवर किंवा सोबतच्या बिलावर लिहा. तिकडचा आडत्या तुटीचे पैसे भाड्यातून कापतो, ड्रायव्हर ट्रान्सपोर्टरकडे बोट दाखवतो, ट्रान्सपोर्टर तुमच्याकडे. लिहिलेली टक्केवारी असली की त्याच्या आतल्या तुटीवर बोलणेच होत नाही.

उशिराच्या बाबतीत नाशिकच्या मालाची स्वतंत्र काळजी घ्यावी लागते. द्राक्षे आणि टोमॅटो दोन दिवस उशिरा पोचले तर माल जागेवर असूनही त्याची किंमत गेलेली असते. कायद्याने दोघांनी ठरवलेल्या काळापर्यंतच्या उशिरामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई भाड्याच्या रकमेपुरती मर्यादित आहे, आणि तो काळ गुड्स फॉरवर्डिंग नोटमध्ये लिहिलेला असावा अशी कायद्याची अपेक्षा आहे. मुदतच लिहिली नसेल तर उशीर झाला हे मोजायचे कशावरून? तेव्हा ‘पिंपळगावहून दिल्ली, इतक्या तासांत’ असे लिहून घ्या. मुदत खरी धरा. पावसाळ्यात कसारा घाटात दरड आली किंवा महामार्ग तुंबला तर ड्रायव्हर काही करू शकत नाही. अशक्य मुदत लिहून घेतली की गाडी भरधाव निघते आणि जिवावर बेतते, तसली मुदत कोणीच मागू नये.

नाशवंत मालाविषयी आणखी एक बाब पुष्कळांना माहीत नसते. घेणाऱ्याने माल उचलला नाही तर ट्रान्सपोर्टर नोटीस देतो आणि एरवी ३० दिवस थांबतो. नाशवंत मालाला ही सवड नाही. नोटीस दिल्यापासून २४ तासांत तो बेवारस धरता येतो, आणि दोघांनी ठरवले असेल तर त्याहूनही कमी वेळात. भाव पडला की समोरचा आडत्या गाडी खाली करून घ्यायला टाळाटाळ करतो, हे आपल्याकडे दर हंगामात घडते. त्यासाठी त्याच शहरातल्या दुसऱ्या आडत्याचे नाव आणि नंबर ‘पर्यायी घेणारा’ म्हणून आधीच कळवून ठेवा.

भाड्याच्या रकान्यात तीन शब्द असतात. ‘पेड’ म्हणजे भाडे पाठवणाऱ्याने दिले. ‘टू पे’ म्हणजे माल घेणारा देणार. ‘टीबीबी’ म्हणजे भाडे नंतर बिलाने, बहुधा महिन्याच्या खात्यावर. ॲडव्हान्स दिला असेल तर तो आकडा आणि उरलेली बाकी दोन्ही स्पष्ट हवेत. वाराई आणि हमाली कोणाकडे, हेही लिहा. गाडी उतरवताना हमालीवरून होणारे वाद आणि त्यापायी ड्रायव्हरच्या खिशातून जाणारे पैसे ही या धंद्यातली जुनी दुखरी जागा आहे, आणि त्यात सगळ्यात कमकुवत माणूस भरडला जातो. दोन शब्दांनी ते टळत असेल तर टाळावे. गाडी उतरवायला किती वेळ थांबायची आणि त्यानंतर रोज किती हॉल्टिंग, हेही त्याच ओळीत बसते.

हाच रकाना कराशीही जोडलेला आहे. बिल्टी देणारा ट्रान्सपोर्टर हा जीएसटीत ‘गुड्स ट्रान्सपोर्ट एजन्सी’ ठरतो. ताजा शेतमाल, दूध, धान्य, डाळी, मीठ अशांच्या वाहतुकीवर जीएसटी नाही, त्यामुळे कांदा-द्राक्षे-टोमॅटोवाल्यांना इथे फार अडचण नाही. कारखान्याचा माल असेल तर मात्र भाडे देणारी कंपनी, भागीदारी संस्था किंवा नोंदणीकृत व्यापारी यांना भाड्यावरचा ५ टक्के कर स्वतःच सरकारकडे भरावा लागतो. ट्रान्सपोर्टरने स्वतः कर भरण्याचा पर्याय निवडला असेल तर हे लागू नाही. ‘टू पे’ असेल तर ही जबाबदारी घेणाऱ्याकडे जाते. ‘पेड’चे ‘टू पे’ केले की कराचे ओझेही हलते, हे लक्षात घेऊनच खूण करा. कर कोण भरणार ते नाव बिल्टीवर लिहायचे असते.

ई-वे बिलाची थोडक्यात उजळणी. परराज्यात ५०,००० रुपयांवरचा आणि महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १,००,००० रुपयांवरचा करपात्र माल असेल तर ते लागते. ताज्या, करमुक्त शेतमालाला लागत नाही. बिल्टीचा नंबर आणि तारीख ई-वे बिलात जाते, म्हणून बिल, बिल्टी आणि ई-वे बिल यांच्यावरचे नाव, नग आणि गाडी नंबर अक्षरशः एकसारखे असावेत. दर २०० किलोमीटरला एक दिवस असा त्याचा हिशेब आहे. वाटेत गाडी बदलली तर ई-वे बिलात नवा नंबर टाकावा लागतो, आणि त्याच वेळी बदलाची नोंद बिल्टीवरही व्हायला हवी. गाडी बदलली की ट्रान्सपोर्टरने तुम्हाला फोन करावा, अशी अट पहिल्याच दिवशी घाला. आमचे पॅनल अशाच बदलात पडले होते.

बिल्टीच न देणारेही पुष्कळ असतात. द्वारका चौकात किंवा आडगावकडे उभी असलेली गाडी दलालामार्फत ठरते, भाडेचिठ्ठीवर आकडा लिहिला जातो आणि माल निघतो. बिल्टी नसली की ती वाहतूक जीएसटीच्या बाहेर राहते, म्हणून काहींना ते स्वस्तही वाटते. पण मग माल कोणाच्या ताब्यात दिला याचा पुरावा काय? २००७ च्या कायद्यात ‘कॉमन कॅरिअर’च्या व्याख्येत माल बुक करणारी कंपनी, एजंट, दलाल, घरपोच कुरिअर हे सगळे येतात, आणि तसा धंदा करणाऱ्याला नोंदणी लागते. तो नोंदणी क्रमांक विचारा. दलालाकडून गाडी घेतलीच तर गाडीचे आरसी, विमा, ड्रायव्हरचे लायसन्स यांचे फोटो घ्या आणि साध्या कागदावर का होईना, पण मालाचे नग, वजन, किंमत आणि ठिकाण लिहून ड्रायव्हरची आणि दलालाची सही घ्या. शेतकरी उत्पादक कंपन्यांनी तर आपले छापील नमुने करून घ्यावेत. सभासदांचा माल एकत्र भरताना कोणाच्या किती गोण्या याची यादी बिल्टीला जोडली, तर पुढे भरपाई वाटताना घरात भांडण होत नाही.

रेल्वेने माल पाठवणाऱ्यांना हे सगळे ओळखीचे वाटेल. ७ ऑगस्ट २०२० ला देशातली पहिली किसान रेल देवळालीहून बिहारमधल्या दानापूरला गेली, तेव्हा पुष्कळ शेतकऱ्यांनी पहिल्यांदाच रेल्वेची फॉरवर्डिंग नोट आणि पावती हाताळली. १९८९ च्या रेल्वे कायद्यातही तीच रचना आहे. किंमत जाहीर करून जादा आकार भरला नाही तर भरपाईला मर्यादा, आणि दाव्याची नोटीस माल सोपवल्यापासून सहा महिन्यांत.

मूळ प्रतीचे काय करायचे? ओळखीच्या गिऱ्हाइकाला ती बिलाबरोबर पाठवून दिली जाते. नव्या गिऱ्हाइकाशी उधारीचा व्यवहार असेल तर घाई करू नका. घेणारा म्हणून ‘सेल्फ’ लिहा, म्हणजे माल तुमच्याच नावावर राहतो. पैसे मिळाले की मूळ बिल्टीच्या मागे सही करून ती द्या आणि तिच्यावर गिऱ्हाईक माल सोडवून घेईल. कागद बँकेमार्फत पाठवायचे असतील तर बँका बहुधा इंडियन बँक्स असोसिएशनने शिफारस केलेल्या यादीतल्याच ट्रान्सपोर्टरची बिल्टी स्वीकारतात, ते बुकिंगच्या आधी विचारून घ्या. ‘सेल्फ’ बिल्टीवर ‘मूळ प्रत घेतल्याशिवाय माल देऊ नये’ असे ठळक लिहा आणि त्याचा फोटो ट्रान्सपोर्टच्या उतरवण्याच्या शाखेला मोबाइलवर पाठवा. मालेगावहून बाहेर जाणाऱ्या ग्रे कापडाच्या गाठींसारख्या उधारीच्या मालाला ही पद्धत विशेष उपयोगी आहे.

माल पोचल्यावर सही करणारा माणूस बहुधा तुमचा नसतो. तो घेणाऱ्याचा स्टोअरकीपर किंवा आडतीवरचा मुनीम. म्हणून बिलावरच एक सूचना छापून घ्या की नग मोजल्याशिवाय आणि पेट्या पाहिल्याशिवाय सही करू नये. एखादी पेटी दबलेली, भिजलेली, फाटलेली असेल तर पोच पावतीवर तसे लिहावे: ‘५०० पैकी ४९२ मिळाल्या, ६ भिजलेल्या’. खाली ड्रायव्हरची सही. गाडीच्या नंबरसह फोटो घ्यावेत, ताडपत्री काढण्याआधीचे आणि नंतरचे. मोलाच्या मालाची पेटी ट्रान्सपोर्टच्या माणसासमोर उघडण्याचा आग्रह धरावा. शेरा लिहायला ड्रायव्हर विरोध करतो, कारण त्याचे भाडे अडकते. त्याला दमात घेऊ नका. भाडे द्या, शेरा मात्र लिहा.

नुकसान झाले की फोनवरच्या ‘बघतो, करतो’ मध्ये महिने जातात. ट्रान्सपोर्टरवर दावा लावण्याआधी त्याला लेखी नोटीस द्यावी लागते आणि ती माल बुक केल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत. मोजणी बुकिंगपासून होते, माल पोचल्यापासून किंवा बोलणी फिसकटल्यापासून नाही. नोटीस त्या मुदतीत गेली नाही, तर दावा दारातच अडतो. मी तर म्हणेन पहिल्या आठवड्यातच ती पाठवा. वकील लागत नाही. बिल्टी नंबर आणि तारीख, गाडी नंबर, कुठून कुठे, किती नग दिले आणि किती मिळाले किंवा काय खराब झाले, मालाची किंमत, मागणीची रक्कम आणि पोच पावतीवरचा शेरा एवढे एका पानात लिहा. बिल, बिल्टी, काट्याची पावती आणि फोटो जोडा. ट्रान्सपोर्टच्या मुख्य कचेरीला आणि बुकिंगच्या शाखेला, दोन्हीकडे पोच घेऊन स्पीड पोस्टने पाठवा आणि पोस्टाची पावती त्याच फाइलला लावा. विमा असेल तर त्याच दिवशी विमा कंपनीलाही कळवा आणि सर्व्हेअर येईपर्यंत खराब माल हलवू नका. कांदा सडायला लागला असेल तर फोटो काढून, वजन करून, त्यांना कळवून मगच विका.

कार्बनची निळी अक्षरे वर्ष-दोन वर्षांत फिकट होतात. बिल्टी हातात पडली त्याच दिवशी मोबाइलमध्ये दोन्ही बाजूंचा फोटो घ्या, कारण अटी मागच्या बाजूला असतात.